सात बुचं: फोंड्यातल्या एका १९७४च्या एमजीबीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार, १९७४चं मॉडेल, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. बांधली गेली ती अमेरिकेच्या बाजारासाठी. एका परदेशी अधिकाऱ्याबरोबर ती भारतात आली, दोनतीन हात बदलले आणि शेवटी फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी पोचली. मालकांची आणि मेस्त्रींची ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत. गाडीचे आणि कामाचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

या गोष्टीत मी कसा आलो तेही सांगायला हवं. नोकरीत असताना मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. गाडीचं काम ज्याच्याकडे आलं तो मेस्त्री माझा जुना विद्यार्थी. इंजिनाच्या अर्ध्या नळ्या कशासाठी आहेत हेच कळेना, तेव्हा त्याने फोन केला, "सर, जरा येऊन बघता?"

अमेरिकेसाठी बांधलेली गाडी, हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुराचे नियम १९९१ मध्ये आले. अमेरिकेत ते १९६८च्या मॉडेलपासूनच देशभर लागू होते आणि दर एकदोन वर्षांनी कडक होत होते. ब्रिटनमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघणाऱ्या एमजीबींपैकी बहुतेक अमेरिकेत जात, त्यामुळे तिथला प्रत्येक नवा नियम या १८०० सीसी इंजिनावर आणखी एक डबा, आणखी दोन नळ्या अशा रूपात चढत गेला. ब्रिटनमध्ये विकलेल्या त्याच वर्षीच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिन मोकळं दिसतं. या गाडीचं उघडलं की नळ्यांचं जाळं दिसतं. निदान पूर्वी दिसत असणार, कारण आमच्यासमोर गाडी आली तोवर कुणीतरी त्या जाळ्यावर कात्री चालवली होती.

इंजिनावर मुळात काय होतं

पुढचं समजायचं तर हे थोडं सविस्तर सांगावं लागेल.

पहिली गोष्ट हवेचा पंप. पट्ट्यावर फिरणारा हा पंप सिलिंडर हेडमधल्या चार भोकांतून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अगदी पाठीमागे ताजी हवा फुंकतो. न जळता बाहेर पडणारं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथल्या तिथे जळावं हा हेतू. पंप आणि हेड यांच्यामध्ये एकदिशा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे तापलेला धूर उलटा पंपात शिरत नाही. त्याच पंपाची एक शाखा 'गल्प व्हॉल्व्ह'कडे जाते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की इनलेटमध्ये क्षणभर फार घट्ट, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण तयार होतं. हा व्हॉल्व्ह तेव्हा घोटभर हवा आत सोडतो, म्हणून सायलेन्सरमध्ये फटाके फुटत नाहीत.

दुसरी गोष्ट ईजीआर. जळलेल्या धुराचा थोडा भाग परत इनलेटमध्ये सोडायचा, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात.

तिसरी गोष्ट कोळशाचा डबा, आणि हे सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं. इंजिनच्या कप्प्यात बसवलेला हा काळा डबा सक्रिय कोळशाने भरलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ न देता शोषून घ्यायची, असं त्याचं काम पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. या गाडीवर प्रत्यक्षात त्याच्याकडे चार कामं आहेत. पेट्रोलच्या टाकीचा श्वास त्याच्यातून चालतो, कारण टाकीचं झाकण हवाबंद आहे. दोन्ही एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचे, म्हणजे त्यांत पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यांचे, श्वासही तिथेच येतात. इंजिनाच्या पोटात जाणारी ताजी हवा याच डब्यातून, वरच्या टॅपेट कव्हरवरच्या एका बारीक भोकाच्या नळीने आत शिरते, आणि पोटातली वाफ पुढच्या बाजूच्या टॅपेट झाकणातून कार्ब्युरेटर ओढून घेतात. चौथं काम चावी बंद केल्यावरचं. एक विजेचा व्हॉल्व्ह डब्याचं हवेचं तोंड झाकतो आणि इनलेटची ओढ डब्यामार्फत फ्लोट चेंबरवर लावतो. पेट्रोल जेटपर्यंत चढत नाही आणि इंजिन गप्प होतं.

एका डब्याची ही चार कामं ज्याला ठाऊक नाहीत, त्याला तो डबा अडगळ वाटणं साहजिक आहे.

अडचण

डॉक्टरांच्या तक्रारी चार होत्या. गाडी १५-२० किलोमीटर चालली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. उतारावर सायलेन्सर फटाके वाजवतो. इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑईल गळतं. आणि घरात पेट्रोलचा वास येतो. गॅरेज झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली असल्यामुळे या शेवटच्या तक्रारीने घरची मंडळी सर्वांत जास्त त्रासली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओघात सांगितली, आणि मी ती कानाआड केली. "पेट्रोल भरून घेतलं की हटकून लवकर बंद पडते. टाकी अर्धी असली तर पणजीपर्यंत जाते कधी कधी." त्यांचा संशय पेट्रोलवर होता. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेच बाधत असेल असं त्यांना वाटे.

बॉनेटखाली पाहिलं तर आधीच्या कुणा गॅरेजने इंजिन 'साफ' केलेलं होतं. हवेचा पंप जागेवर होता, पण आतून धरलेला, पट्टा काढून टाकलेला. कोळशाचा डबा गायब. नळ्या कापलेल्या आणि त्यांच्या तोंडांत बुचं: कुठे बोल्ट घालून क्लिप आवळलेली, कुठे रबराचं बूच, एका ठिकाणी लाकडाचा तुकडा आणि वर इपॉक्सी लांबी. मेस्त्रीने खडूने आकडे टाकत मोजली. सात.

पहिलं निदान, आणि ते कसं फसलं

ऑक्टोबरची काहिली, एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेले कार्ब्युरेटर, गरम झाल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर सुरू होणारी गाडी. मी म्हटलं, व्हेपर लॉक. पेट्रोल नळीतच उकळतंय. आम्ही नळ्यांना उष्णतारोधक कापड गुंडाळलं, कार्ब्युरेटरखालचा पत्रा नीट बसवला. फरक शून्य.

मग मेस्त्रीच्या लक्षात आलं की गाडी बंद पडते तेव्हा मागच्या विजेच्या पंपाची टिकटिक थांबलेली असते. चावी चालू, फ्लोट चेंबर रिकामं, आणि पंप गप्प. पंप मेला असं दोघांनीही ठरवलं. नवा पंप मागवला, सोळाएक हजार रुपये गेले, दहा दिवस वाट पाहण्यात गेले. नवा पंप बसवून फोंड्याहून निघालो. म्हार्दोळ, कुंडई, भोम गेलं, आणि बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाडी पुन्हा थांबली. नव्या पंपाचीही टिकटिक बंद.

या एसयू पंपाची रचना मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवली होती. त्याचं चुंबक पडदा ओढून पेट्रोल आत घेतं आणि स्प्रिंग ते पुढे ढकलते. पुढची वाट बंद असेल तर पंप थांबतो, तसा मागून पेट्रोल येतच नसेल तरीही थांबतो, कारण चुंबकाला पडदा पुरता ओढताच येत नाही. फ्लोट चेंबर रिकामं म्हणजे पुढची वाट मोकळी होती. उरली मागची. हे सगळं माहीत असूनही मी पहिल्या वेळी पंपालाच दोष दिला.

मेस्त्री मागे गेला आणि टाकीचं झाकण त्याने फिरवलं. लांबलचक सुस्काऱ्यासारखा आवाज करत टाकीने हवा आत ओढली. लगेच पंप टिकटिकायला लागला.

टाकीचा श्वास बंद होता. सात बुचांपैकी एक नेमकं त्या नळीत होतं. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थही तेव्हा लागला. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी उरते, त्यामुळे लिटर-दीड लिटर पेट्रोल गेलं की आतला दाब झपाट्याने उतरतो. टाकी अर्धी असली की तोच दाब उतरायला बराच जास्त वेळ लागतो. गाडी उभी राहिली की फटींतून हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून अर्ध्या तासाने ती पुन्हा चालते. पेट्रोलचा यात काहीच दोष नव्हता. मालकाने पहिल्याच दिवशी हातात दिलेला धागा मी सोडून दिला होता.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये परतल्यावर मेस्त्री म्हणाला, "सर, हरेक नळी खंय वता ती आदीं पळोवया." प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते आधी बघू. पुढचं सगळं काम त्या वाक्यावर झालं.

बुचांची झडती

एका वहीत सात ओळी आखल्या. नळी कुठून निघते, कुठे जायला हवी, तिच्यातून काय वाहतं आणि बंद राहिली तर काय होईल. दोन दिवस याच कामात गेले, आणि ते दोन दिवस सार्थकी लागले.

सातांतली चार बुचं बंद असूच नयेत अशा जागी होती. टाकीचा श्वास, टॅपेट कव्हरवरची ताज्या हवेची नळी, पुढच्या टॅपेट झाकणातून वाफ बाहेर नेणारी नळी आणि ती जिथे पोचते ते कार्ब्युरेटरवरचं तोंड. पोटात जायची आणि पोटातून यायची अशा दोन्ही वाटा बंद झाल्यामुळे पिस्टनच्या कडांनी खाली उतरणारा वायू कोंडत होता आणि मागच्या ऑईल सीलमधून ऑईल बाहेर ढकलत होता. सील बदलायचा विचार पक्का झाला होता. ते बदललं असतं तरी महिनाभरात पुन्हा गळलं असतं.

उरलेली तीन बुचं योग्य जागी होती, पण चुकीच्या मालाची. हेडकडे हवा नेणाऱ्या पाईपवर रबराचं बूच होतं. एकदिशा व्हॉल्व्ह गंजून उघडाच राहिला होता, त्यामुळे तापलेला धूर थेट त्या बुचावर येऊन ते वितळलं होतं आणि धूर बॉनेटखाली पसरत होता. बंद खोलीत हा वायू जीव घेऊ शकतो, म्हणून तोवर गॅरेजचं दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही असं मी त्याच दिवशी सांगून टाकलं. गल्प व्हॉल्व्हच्या इनलेटकडच्या तोंडावरचं बूच तडकलं होतं आणि तिथून चोरटी हवा आत जात होती. उतारावरचे फटाके त्याचेच. तिसरं ते लाकडाचं, चावी बंद करतानाच्या विजेच्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या तोंडात.

आठवी गोष्ट कुणी बुजवलीच नव्हती, आणि मला ती सर्वांत भयंकर वाटली. फ्लोट चेंबरच्या श्वासनळ्या कापून तशाच उघड्या सोडल्या होत्या, तोंडं थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या वर. फ्लोटची सुई एकदा जरी अडकली असती तरी पेट्रोल तिथेच गळलं असतं. घरातला वासही बराचसा तिथूनच येत होता.

पर्याय

समोर तीन रस्ते होते. डॉक्टर, मेस्त्री आणि मी एका दुपारी गॅरेजमध्येच बसून ते बोललो.

पहिला, सगळं मूळ होतं तसं परत बसवायचं. मला मनापासून हेच आवडलं असतं. पण हवेचा पंप आतून गंजून गेलेला, ईजीआरचा पाईप सडलेला आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला. हे भाग परदेशातून मागवायचे तर खर्च मोठा, आणि मिळतील ते वापरलेलेच.

दुसरा, मेस्त्रीचा सुरुवातीचा आग्रह: ब्रिटनमधल्या गाडीसारखं करून टाकू. सगळे डबे काढू, टाकीला हवेशीर झाकण, टॅपेट कव्हरला हवेशीर झाकण, झालं. काम सोपं झालं असतं. पण टाकीची वाफ मग गॅरेजमध्ये आणि तिथून वरच्या खोलीत जाणार. दुसरं असं की टॅपेट कव्हरच्या त्या नळीचं भोक मुद्दाम बारीक, जेमतेम दोन मिलिमीटरचं ठेवलेलं असतं. पूर्ण हवेशीर झाकण लावलं तर कार्ब्युरेटर तिथून जास्त हवा ओढतात आणि मिश्रण पातळ होतं. इथेनॉलमुळे ते आधीच थोडं पातळ असतं.

तिसरा रस्ता दोन्हींच्या मधला. हवेचा पंप, त्याचे पाईप, गल्प व्हॉल्व्ह आणि ईजीआर काढून ती तोंडं कायमची टिकतील अशी पण परत उघडता येतील अशी बंद करायची. टाकी, फ्लोट चेंबर आणि इंजिनाचं पोट यांचे श्वास मात्र कोळशाच्या डब्यातून पुन्हा सुरू करायचे.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "धूर वाढणार का?" मी जे माहीत होतं ते सांगितलं. हवेचा पंप गेल्यावर न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पाठीमागे जाळायची सोय राहत नाही, तेवढं वाढेल. मिश्रण नीट लावून बरंचसं खाली आणता येईल. ईजीआर गेल्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतील आणि त्यावर आपल्याकडे उपाय नाही. पीयूसीचं यंत्र पेट्रोल गाडीत ते मोजत नाही, पण यंत्राला दिसत नाही म्हणून ते नाहीत असं मला त्यांना सांगायचं नव्हतं. हेही सांगितलं की अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीवरून हे भाग काढणं बेकायदेशीर ठरतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "महिन्यातून दोनदा बाहेर काढतो मी ही. ईजीआरचा व्हॉल्व्ह मिळाला तर परत बसवायचा. तोवर बंद करा, पण फेकू नका काहीही."

फेकू नका याला आणखी एक कारण होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. शिवाय गाडीतल्या फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहेच. म्हणून नियम केला की हेडवर, मॅनिफोल्डवर नवं भोक नाही, आट्यांना धक्का नाही, वेल्डिंग नाही.

ताकद वाढेल का, हे विचारणारेही बरेच भेटतात. हवेचा पंप फारशी ताकद खात नाही. अमेरिकन एमजीबी सुस्त वाटते ती मुख्यतः कमी कॉम्प्रेशनमुळे. तिथल्या इंजिनाचं ८ ला १ होतं, ब्रिटनमधल्याचं सुमारे ९ ला १. पंप काढून ते बदलत नाही.

प्रत्यक्ष काम

हेडमधले चार हवेचे पाईप काढणं सर्वांत कठीण गेलं. ५० वर्षांचा गंज, त्यात गोव्याची दमट हवा. तीन नट दोन दिवस गंजनाशक तेलात ठेवल्यावर सुटले. चौथ्याचे कोपरे झिजायला लागले तेव्हा मेस्त्री म्हणाला, हेड उतरवू. मी थांबवलं. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, आणि नटाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मेस्त्रीने एका जुन्या रिंग पान्याला करवतीने खाच पाडून पाईपवरून सरकवता येईल असा पाना केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नट फिरला. घाई केली असती तर तो हेडमध्येच तुटला असता.

मग भोकं बुजवायची. आटे ७/१६ इंच यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, एका इंचात २०. बाजारात सगळं मिलिमीटरमध्ये. मेस्त्रीची सूचना होती की १२ मिलिमीटरचा टॅप फिरवून साधा बोल्ट बसवू. ११ मिलिमीटरच्या भोकात तो बसलाही असता. पण मूळ आटे कायमचे गेले असते आणि लोखंडाचा कीस एक्झॉस्ट पोर्टमध्ये पडला असता. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे इंची आटे पाडणारं जुनं लेथ सापडलं. त्याने मृदू पोलादाची चार आखूड बुचं करून दिली. आखूड मुद्दाम, टोक एक्झॉस्टच्या वाटेत येऊ नये म्हणून. आट्यांना तांब्याचं अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावून बसवली. इंजिन थंड असताना सुरू करून साबणाचं पाणी टाकलं. एका ठिकाणी बुडबुडे आले, तिथे बैठक साफ करून पुन्हा आवळलं.

ईजीआरच्या जागी तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा, दोन्ही बाजूंना गास्केट. इनलेटकडच्या तोंडांना धातूची आट्यांची बुचं. तिथे सिलिकॉन वापरलं नाही, पेट्रोल ते खाऊन टाकतं.

कोळशाचा डबा डॉक्टरांच्या माळ्यावर तांदळाच्या गोणीत सापडला. कापलेल्या नळ्यांसकट, आधीच्या मालकाने जपून ठेवलेला. त्याचे आभार मानावे तितके थोडे. खालचं झाकण काढलं तर आतल्या कोळशाची दमट माती झाली होती. पाणी शुद्ध करायला वापरतात तो सक्रिय कोळसा आणला, जो नारळाच्या करवंटीचाच असतो. धुऊन बारीक भुकटी काढली, उन्हात आणि मग ओव्हनमध्ये पूर्ण सुकवला, तळाशी नवी जाळी घालून भरला. करवंटीचा कोळसा ब्रिटिश डब्यात घालताना मेस्त्री खूश होता.

टाकीकडची नळी गाडीच्या पोटाखालून सगळीभर मागे जाते. ती मोकळी आहे का हे बघायला टाकीचं झाकण उघडं ठेवून पुढच्या टोकाला सायकलच्या पंपाने हलकेच हवा मारली. एकाने मागे कान लावला. आधी काहीच नाही, मग कसलंसं जुनं घरटं सुटून आलं असावं, हवेचा आवाज आला. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, एसएई जे३० आर९ असं छापलेल्या घातल्या. जुन्या रबराची आतून साल निघायला लागली होती.

चावी बंद करतानाचा विजेचा व्हॉल्व्ह गोणीत नव्हता. त्याचं इनलेटकडचं तोंड धातूच्या बुचाने बंद केलं आणि डब्याचं खालचं तोंड हवेला उघडं ठेवलं. ताजी हवा तिथूनच यायची असते, त्यामुळे बाकीच्या तीन कामांना बाधा नाही.

काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून एका लाकडी खोक्यात ठेवला, वहीची प्रत त्याच्याबरोबर.

निकाल

श्वास मोकळे झाल्यावर मिश्रण नव्याने लावावं लागलं, कारण आधीची जुळवणी बंद नळ्यांवर केलेली होती. पहिल्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४ टक्क्यांच्या वर आला. या वयाच्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी केली, जेटचा स्क्रू थोडाथोडा फिरवत मिश्रण पातळ केलं. दुसऱ्यांदा २.६ टक्के, हायड्रोकार्बन ९००च्या आसपास. आयडलला व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर राहिला.

टाकी काठोकाठ भरून फोंड्याहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढलो आणि उतरलो. गाडी थांबली नाही. उतरताना एकदोन हलके फटाके वाजले, गल्प व्हॉल्व्ह नसल्यावर तेवढे वाजणारच. ऑईलची गळती तीन आठवड्यांत इतकी कमी झाली की सील बदलायचं काम रद्द केलं. घरातला वास गेला. ही बातमी डॉक्टरांच्या पत्नीने स्वतः फोन करून दिली.

पुन्हा करायचं झालं तर

नव्या पंपाचे सोळा हजार वाचले असते. त्यासाठी पहिल्याच फेरीत गाडी थांबल्यावर टाकीचं झाकण उघडून बघायचं होतं. एक मिनिटाचं काम. मालक 'पेट्रोल भरल्यावर बिघडते' म्हणाले तेव्हा ते वाक्य वहीत लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर रात्री त्याचा विचार झाला असता.

वही पंधरा दिवस आधी उघडायला हवी होती. आम्ही बुचं मोजली, पण प्रत्येक बुचाच्या दोन्ही टोकांचा माग काढला नाही. काढायच्या आधी फोटो काढणंही राहिलं. खडूचे आकडे पहिल्या धुण्यात पुसले गेले आणि दोन नळ्यांबाबत पुन्हा डोकं खाजवावं लागलं.

ईजीआरबद्दल माझं मन अजून स्वस्थ नाही. व्हॉल्व्ह अडकलेला होता, पण तो दुरुस्त होतो का हे आम्ही पुरेसं तपासलं नाही. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने काजळी काढून बघायला हवं होतं. तो आता खोक्यात आहे, पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा ते काम मी करणार आहे. पाईप नवा वाकवून घेता येईल.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कडक उन्हात लांबून आल्यावर चावी काढली तरी इंजिन पाचसहा सेकंद धडधडत राहतं. तो विजेचा व्हॉल्व्ह असता तर राहिलं नसतं. सध्या डॉक्टर गाडी गिअरमध्ये ठेवून, ब्रेक दाबून, क्लच हलकेच सोडून तिला थांबवतात. वापरलेल्या व्हॉल्व्हसाठी एकदोघांना सांगून ठेवलं आहे.